जंगालातली अक्षरे
(लेखांक ११)

चांदीच्या रुपयांवरचा काळेपणा कसा उतरवायचा, हे आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. इंग्लंडात केंट परगण्यात राहणाऱ्या एका मराठी वाचकाचे पत्र आले आहे, आणि उत्तराची वाट न पाहता गृहस्थ नाणी चिंचेत टाकून मोकळे होतील अशी मला धास्ती आहे.

हे वाचक सुटीच्या दिवशी, शेतमालकाची परवानगी काढून, नांगरलेल्या रानात मेटल डिटेक्टर फिरवतात. त्यांना तांब्याची चार-पाच रोमन नाणी सापडली आहेत. वर हिरवे जंगाल चढले आहे. ते विचारतात, ‘आई समई घासायची तसे चिंच-मीठ लावून पाहू का?’

अजिबात नको. चिंच नको आणि मीठ तर त्याहून नको.

समई लख्ख होते, मग नाणे का नाही? समई रोज हातात असते. नाणे दीड हजार वर्षे जमिनीत पडलेले असते. त्यावर सगळ्यात वर माती धरून बसलेला खरबरीत हिरवा थर, त्याखाली तांबूस-तपकिरी क्युप्राइटचा पातळ थर आणि आत उरलेसुरले तांबे, अशी रचना असते. आपली समजूत अशी की अक्षरे तांब्यावर आहेत आणि त्यांच्यावर घाण बसली आहे. पुष्कळदा तसे नसते. टांकसाळीत ठसा उमटला तो तांब्याचा पृष्ठभाग केव्हाच कळकून गेलेला असतो, आणि अक्षरांचा आकार त्या क्युप्राइटने धरून ठेवलेला असतो. अक्षर जंगालातच राहते म्हणा ना! चिंचेतले आम्ल घाण आणि अक्षर यांत भेद करत नाही. तासाभराने हातात येते ती खड्डे पडलेली गुलाबी चकती.

कॉन्स्टन्टाइनच्या काळातले एक लहान नाणे घ्या. रुंदी जेमतेम दोन सेंटिमीटर. मागच्या बाजूला छावणीचे दार, वर दोन बुरूज, बुरुजांमध्ये तारा. तळाच्या चिंचोळ्या पट्टीत पी, एल, ओ, एन ही चार अक्षरे दिसली तर नाणे लंडनच्या टांकसाळीतले. ती टांकसाळ इ. स. ३२५ मध्ये बंद झाली, म्हणजे काळही आपोआप हाती आला. ही अक्षरे मिलिमीटर-दीड मिलिमीटर उंचीची. ती गेली की नाण्याचे गाव गेले. आपल्या शिवराईचेही तसेच. ‘श्री राजा शिव’ मधला ‘शिव’ कुठे शिव, कुठे सिव, कुठे सीव. एका वेलांटीवरून संग्राहक तासन्‌तास वाद घालतात. घासलेल्या शिवराईवर वादाला जागाच उरत नाही.

आता मीठ. जुन्या तांब्याचा खरा वैरी क्लोराइड. मातीतले क्लोराइड तांब्याशी मिळून क्युप्रस क्लोराइड होते आणि धातूला चिकटून दबा धरून बसते. हवेतला ओलावा लागला की त्यातून फिक्या हिरव्या रंगाची भुकटी फुटते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल नवे तांबे खाते, पुन्हा क्लोराइड होते, पुन्हा भुकटी. याला ब्राँझचा रोग म्हणतात. चिंचेबरोबर मीठ चोळणारा माणूस या रोगाला हाताने खाऊ घालतो.

म्हणून हिरव्यात फरक करायला शिका. गडद, गुळगुळीत, नखाने न निघणारा हिरवा हा नाण्याचा दागिना आहे, त्याला हात लावू नका. फिका, पिठासारखा, बोटाला लागणारा हिरवा आला की सावध व्हा. शंका असेल तर झाकणाच्या डबीत ओला कापूस ठेवून, त्याला टेकणार नाही असे नाणे दोन दिवस ठेवा. नवे ठिपके फुटले तर रोग जिवंत आहे. असे नाणे बाकीच्यांपासून वेगळे काढा, सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा आणि जाणकाराकडे न्या. बेन्झोट्रायाझोल वगैरे उपचार आहेत, पण ते विषारी रसायन आहे, घरात त्याच्याशी खेळू नये. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर रोग बहुतेक निपचित पडतो. कोकणातल्या संग्राहकांनी पावसाळ्यात डबा उघडूच नये, हे त्यामुळेच.

मग करायचे काय? बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या, नाणी बुडवा, पाणी रोज बदला. माती मऊ पडली की भिंगाखाली बाभळीच्या काट्याने एकेक कण उचला. काटा जंगालाहून मऊ असतो, त्यामुळे ओरखडा उठत नाही. केंटमध्ये बाभूळ कुठली, तिथे गुलाबाचा चालेल. तिकडे ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने नाणी मुरवण्याची जुनी खोड आहे. मला ती पटत नाही. तेल हिरवे होते ते तांबे विरघळल्यामुळेच, आणि नंतर ते तेल नाण्यातून निघता निघत नाही.

एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प या छांदिष्टाच्या डिटेक्टरने आवाज दिला. खाली मडके आहे असे दिसताच त्याने खोदणे थांबवले आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावले. मडक्यातून निघाली ५२,५०३ रोमन नाणी. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांच्यावर झालेले पहिले काम म्हणजे धुणे आणि वाळवणे. चकाकी आणण्याची घाई तिथे कुणालाच नव्हती.

इथल्या वाचकांसाठी एक गोष्ट. हे वाचून डिटेक्टर मागवायला निघू नका. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खणणे गुन्हा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून जास्त किमतीचे काहीही सापडले तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. परसात पाया खणताना सापडलेला गाडगेभर शिवराई नाण्यांचा साठाही त्यात येतो.

केंटच्या वाचकांनी नाणी आधी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या आपल्या भागातल्या अधिकाऱ्याला दाखवून नोंदवावीत, मगच पाण्यात घालावीत. आणि तळाच्या पट्टीत कोणती अक्षरे निघाली, तेवढे मला कळवावे.