विश्लेषण : चाळिशी लागली, माशी धूसर झाली… रायफलवर आता कोणती साईट बसवावी?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये (२०२४) कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि नेमबाजी हा खेळ पुन्हा एकदा घराघरांत चर्चेला आला. या खेळाची एक मोठी सोय म्हणजे त्याला वयाची अट नाही. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकले, तेव्हा त्यांचे वय ७२ होते. गुडघे, खांदे, दमसास यांची इथे फारशी परीक्षा होत नाही. परीक्षा होते ती डोळ्यांची. पंचेचाळिशीच्या आसपास अनेक नेमबाजांची तक्रार सारखीच असते. हात स्थिर आहे, ट्रिगर नीट दाबला जातो, तरी छर्रे पसरू लागले आहेत. मग दुकानात जाऊन सगळ्यात मोठा, सगळ्यात जास्त ‘एक्स’वाला स्कोप आणला जातो आणि महिनाभरात तो कपाटात जातो. हे टाळायचे तर आधी डोळ्यात काय घडते आहे ते पाहायला हवे.

चाळिशीनंतर नेमके काय बिघडते?

उघड्या साईटने नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात : डोळ्याजवळची मागची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि दूरचे निशाण. तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसणे कोणत्याही वयात शक्य नसते. तरुण डोळा फसवतो तो वेगाने. त्याचे भिंग लवचिक असल्याने तो क्षणात माशीवर, क्षणात निशाणावर फोकस बदलतो आणि आपल्याला सगळेच स्पष्ट दिसल्यासारखे वाटते. वयानुसार हे भिंग ताठर होते. पेपर लांब धरून वाचावा लागतो ती हीच अवस्था, आपल्या भाषेतली ‘चाळिशी’. साठीपर्यंत फोकस बदलण्याची ही ताकद जवळपास संपलेली असते.

यात भर पडते प्रकाशाची. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान राहते, भिंगही पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, असे मानले जाते. त्यामुळे कमी उजेडाच्या इनडोअर रेंजवर वडिलांना काळी माशी काळ्या वर्तुळात हरवल्यासारखी वाटते आणि मुलाला मात्र ती लख्ख दिसते.

स्पर्धेत स्कोप लावता येतो का?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल प्रकारांत नाही. रायफलवर दुर्बीण तर सोडाच, नंबरचे भिंगही बसवता येत नाही. रंगीत किंवा पोलराइज्ड फिल्टर चालतो. भिंग लावायचे ते नेमबाजाने स्वतःच्या डोळ्यासमोर, म्हणजे चष्म्यात. त्यामुळे राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेत या प्रकारांत उतरायचे असेल, तर स्कोपवर पैसे घालण्याआधी हा नियम वाचलेला बरा.

इथे मदतीला येते ती ‘पीप साईट’. तिच्या मागच्या भागात खाचेऐवजी बारीक छिद्र असते. छिद्रातून पाहिले की जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. फोटोग्राफी करणाऱ्यांना हे तत्त्व ठाऊक असेल : ॲपर्चर लहान केले की फोकसची खोली वाढते. आपल्याकडच्या स्पर्धांत ‘ओपन साईट’ आणि ‘पीप साईट’ असे वेगळे गट असतात. चाळिशी ओलांडलेल्याने शक्य असेल तर ओपन साईटच्या गटात अडकून न राहता पीपकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या खाचेवर कितीही सराव केला तरी ताठर झालेले भिंग पुन्हा मऊ होत नाही.

पीप साईटला छिद्र लहान-मोठे करणारी आयरिस बसवता येते. इथे मोह होतो तो छिद्र खूप बारीक करण्याचा. सुरुवातीला चित्र कोरीव दिसते, पण प्रकाश कमी होतो आणि फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाशकिरण पसरून कडा पुन्हा मऊ होतात. छिद्र हळूहळू लहान करत जावे, निशाण काळवंडू लागले की थोडे मागे यावे. पुढच्या माशीत गोल रिंग असेल तर ती एक-दोन माप मोठी घ्यावी. रिंग आणि काळे वर्तुळ यांच्यामध्ये पांढरी जागा जास्त राहिली तर वयस्क डोळ्याला मध्य ओळखणे सोपे जाते.

+०.५० चे गणित काय आहे?

अनुभवी नेमबाज चष्म्याच्या दुकानात एकच मागणी करतात : दूरच्या नंबरात अर्धा प्लस मिळवून द्या. हा आकडा हवेतून आलेला नाही. भिंगाची ताकद म्हणजे मीटरमधील अंतराचा व्यस्त. माशी डोळ्यापासून साधारण १ मीटरवर असते. ती स्पष्ट दिसायला १ डायॉप्टर लागतो. निशाण दूर असते, त्याला जवळपास शून्य लागतो. दोन्हींच्या मधोमध येतो अर्धा डायॉप्टर. म्हणजे डोळा २ मीटरवर फोकस होतो, माशी आणि निशाण दोन्ही सारखेच किंचित मऊ दिसतात आणि उरलेला धूसरपणा पीपचे छिद्र आवरते. दूरचा नंबर –२.०० असेल तर नेमबाजीचा चष्मा –१.५० चा, नंबर नसेल तर +०.५० चा. रायफल आखूड असेल किंवा तुमची मान पुढे जात असेल तर आकडा थोडा बदलतो. म्हणून नेम धरलेल्या अवस्थेत डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर कोणाकडून तरी टेपने मोजून घ्या आणि तो आकडा नेत्रतज्ज्ञाला सांगा. (रायफल घेऊन दवाखान्यात जाऊ नका. मोजलेला आकडा पुरेसा आहे.)

रोजचा प्रोग्रेसिव्ह चष्मा मात्र रेंजवर घात करतो. त्यात वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असतो. रायफलला गाल टेकवला की आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहतो. मान जराशी हलली की नंबर बदलतो, आणि प्रत्येक गोळीला मान अगदी त्याच जागी ठेवणे कठीण. त्यासाठीच नेमबाजांच्या खास फ्रेम असतात. त्यांत एकच गोल भिंग डोळ्यासमोर बरोबर मधोमध, काटकोनात बसवता येते.

मग स्कोप कोणासाठी?

जिथे नियम आड येत नाही तिथे. शिकारीचा प्रश्नच नाही, ती आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. पण फील्ड टार्गेट, बेंचरेस्ट यांसारखे खेळ आहेत, आणि क्लबमध्ये निव्वळ आनंदासाठी सराव करणारेही आहेत. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत तर एक अख्खा प्रकार वयस्क डोळ्यांमुळे जन्मला. कॅनडाचे जॉर्ज फार्क्वारसन यांना वयोमानाने उघड्या साईटने नेम धरणे जड जाऊ लागले. त्यांनी टेकूवर ठेवलेली रायफल आणि तिच्यावर दुर्बीण असा आग्रह धरला. त्यांच्या नावातल्या ‘एफ’वरून त्याला एफ-क्लास म्हणतात आणि आज त्याच्या जागतिक स्पर्धा होतात.

स्कोपमध्ये निशाण आणि क्रॉसहेअर एकाच प्रतलात दिसतात. डोळ्याला फोकस बदलावाच लागत नाही, त्यामुळे चाळिशीची अडचण एका फटक्यात संपते. मोठे दिसणे हा त्यातला दुय्यम फायदा आहे. हे लक्षात आले की निवड सोपी होते.

बहुतेकांची पहिली चूक ‘एक्स’मध्ये होते. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा, म्हणजे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास. ४×३२ स्कोपमध्ये तो ८ मिलिमीटर, ३-९×४० मध्ये ९ वर ठेवल्यास साधारण ४.४, तर २४×५० मध्ये जेमतेम २ मिलिमीटर. झोत बारीक झाला की मान तसूभर हलली तरी चित्र काळे पडते. शिवाय वयस्कांच्या डोळ्यात तरंगणारे ठिपके-धागे एरवी जाणवत नाहीत, ते अशा बारीक झोतात ठळक दिसू लागतात. उलट टोकही आहे. साठीनंतर अंधारातही बाहुली फार मोठी होत नाही, त्यामुळे ‘जास्त प्रकाश खेचणारे’ ५६ मिलिमीटरचे जड भिंग घेऊन कमी एक्सवर वापरले तर त्यातला बराच प्रकाश डोळ्यात शिरतच नाही.

दुसरी चूक पॅरॅलॅक्सची, आणि ही मला सगळ्यात रंजक वाटते. बरेचसे स्कोप १०० यार्डांसाठी फोकस केलेले येतात. असा स्कोप १० मीटरच्या एअर रायफलवर लावला तर निशाण धूसर दिसते. हा धूसरपणा एक्सच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ४ एक्सवर डोळ्याला साधारण दीड डायॉप्टर सांभाळून घ्यावे लागते, ९ एक्सवर सातच्या पुढे. विशीतला मुलगा दीड डायॉप्टर नकळत सांभाळतो आणि म्हणतो, ‘बाबा, मला तर नीट दिसतंय.’ बाबांचा डोळा ते करू शकत नाही. शिवाय डोळा मध्यावरून सरकला की नेमही सेंटिमीटरभर सरकू शकतो. म्हणून १० मीटरसाठी पॅरॅलॅक्स जुळवता येणारा, १० मीटरपर्यंत खाली येणारा स्कोप हवा. या एका सोयीसाठी दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

चष्मा लावून नेम धरणार असाल तर स्कोप आणि डोळा यांत ९-१० सेंटिमीटर अंतर मिळते का पाहा. क्रॉसहेअर केसासारखी बारीक नको, मध्यापर्यंत जाड येऊन आत बारीक होणारी बरी. स्प्रिंगच्या एअर रायफलला एक वेगळाच त्रास आहे : तिचा धक्का आधी मागे आणि मग पुढे बसतो. मोठ्या रायफलचा धक्का सोसणारा चांगला स्कोपही त्यात आतून ढिला होतो. एअर रायफलसाठी बनवलेला, असे लिहिले असेल तरच घ्या.

नवा स्कोप आला की डोळ्याजवळची फोकसची कडी आधी लावून घ्यावी. मोकळ्या आकाशाकडे (सूर्याकडे कधीच नाही) किंवा पांढऱ्या भिंतीकडे रोखून क्रॉसहेअर पाहायची, तीही दोन-तीन सेकंदच. नजर फिरवायची, कडी थोडी फिरवायची, पुन्हा झटकन पाहायचे. टक लावून बसलात तर उरलीसुरली फोकसची ताकद डोळा त्यातच खर्च करतो आणि अर्ध्या तासाने डोके दुखते. रेंजवर जो चष्मा लावणार तोच हे करताना लावा.

रेड डॉटमध्ये ठिपका फुटल्यासारखा का दिसतो?

रेड डॉटमध्ये मोठेपणा नसतो. लाल ठिपका दूरवर असल्यासारखा दिसतो, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, मान थोडी हलली तरी चालते. चाळिशीसाठी हा सोपा उपाय आहे, एका अटीवर. चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर असेल आणि तो पूर्ण दुरुस्त झालेला नसेल, तर ठिपका द्राक्षाच्या घडासारखा किंवा धूमकेतूसारखा दिसतो. अनेक जण साईट खराब म्हणून परत करतात. आधी एवढे करा : मोबाइलचा कॅमेरा साईटमागे धरून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष डोळ्याचा. प्रकाश कमी करून पाहा, सिलिंडरचा नंबर असलेला चष्मा लावून पाहा. तरीही फुटत असेल तर काचेवर कोरलेल्या खुणेची प्रिझम साईट घ्यावी. तिला स्कोपसारखी फोकसची कडीही असते.

दोष साईटचा की डोळ्याचा, हे घरी कळते का?

काही अंशी. काळ्या कागदाला सुईने छिद्र पाडा आणि त्यातून, एकेका डोळ्याने, दूरची पाटी वाचा. छिद्रातून स्पष्ट दिसले तर प्रश्न नंबरचा आहे, चष्म्याने किंवा साईटने सुटेल. छिद्रातूनही धूसरच राहिले तर कोणतीही साईट विकत घेण्याआधी नेत्रतज्ज्ञ गाठा. मोतीबिंदू, मधुमेहाने दृष्टिपटलावर झालेला परिणाम किंवा आणखी काही असू शकते. फरशीच्या किंवा खिडकीच्या गजांच्या सरळ रेषा एका डोळ्याने वाकड्या दिसत असतील, अचानक ठिपके वाढले असतील किंवा प्रकाश चमकत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी जावे. नेमाच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत असेल तर मेंदू गुपचूप दुसऱ्या डोळ्याचे ऐकू लागतो. वर्षानुवर्षे बरोबर लागणाऱ्या गोळ्या अचानक एका बाजूला जातात आणि दोष रायफलला दिला जातो.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर लेन्स निवडण्याआधी डॉक्टरांना नेमबाजीबद्दल सांगा. साध्या लेन्सचा फोकस एकाच अंतराला असतो, आणि ते अंतर आधी ठरवावे लागते. जवळचे-दूरचे दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्समध्ये कॉन्ट्रास्ट थोडा घटतो, दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. काळ्या वर्तुळाची कडा शोधणाऱ्याला हे खटकू शकते. कोणत्या डोळ्याने नेम धरता, माशी किती अंतरावर असते आणि धक्का देणारी रायफल पुन्हा कधी खांद्याला लावता येईल, हे तीन प्रश्न कागदावर लिहूनच न्यावेत.