पहिली बादली मिठाची

लेखमाला : पाठीवरचं बिऱ्हाड – लेखांक सहावा

दिवाळीनंतर कोकणात उतरलेले मेंढपाळ धनगर पावसाच्या तोंडावर देशावर परततात. मेंढरं आपल्या पायांनी चढतात, पण बिऱ्हाड चढतं ते घोडीच्या पाठीवर. भांडी, वाघरांची जाळी, धान्याची पोती, कोंबड्या, कालपरवा जन्मलेली कोकरं आणि कधी या ओझ्यावर बसवलेलं एखादं पोरही. मे महिन्यात महाडकडच्या दमट हवेतून वरंध घाटासारखी चढण चढून घोडी भोरच्या बाजूला येते, तेव्हा तिच्या मानेवर, मांड्यांच्या मध्ये आणि खोगिराच्या कडेला पांढरा फेस आलेला असतो. मालक बादली पुढे करतो. घोडी दोन-चार घोट घेते आणि तोंड फिरवते. ‘हिला तहान नाही,’ असं म्हणून बादली बाजूला जाते.

तहान नाही हे खरं आहे. पाण्याची गरज नाही, हे मात्र खोटं. आजचा सगळा लेख या दोन वाक्यांमधल्या फरकाबद्दल आहे.

माणसाचा घाम रक्ताच्या मानाने पातळ असतो. त्यातून पाणी जास्त जातं, मीठ कमी. मागे उरलेलं रक्त घट्ट आणि खारट होतं, मेंदूला ते लगेच कळतं आणि घसा कोरडा पडतो. घोड्याचा घाम वेगळा आहे. तो रक्ताइतकाच, कधी रक्ताहूनही खारट असतो. एका लिटरमागे साधारण दहा ग्रॅम क्षार बाहेर पडतात. त्यात बहुतेक वाटा सोडियम आणि क्लोराइडचा, म्हणजे आपल्या खायच्या मिठाचा. उरलेल्यात मुख्यतः पोटॅशियम, आणि थोडं कॅल्शियम व मॅग्नेशियम. पाणी आणि मीठ बरोबरीने गेल्यामुळे रक्त कमी होतं, पण त्याचा खारटपणा फारसा बदलत नाही. तहानेचा इशारा देणारी यंत्रणा मुख्यतः खारटपणावर चालते, म्हणून ती गप्प बसते. अशा घोड्याने थोडं साधं पाणी प्यायलं की रक्त आणखी पातळ होतं, उरलीसुरली तहानही मरते आणि प्यायलेल्यातलं बरंच पाणी मूत्रपिंडं बाहेर टाकतात. भरलेली बादली समोर असताना जनावर कोरडं राहतं ते असं.

घाम किती जातो? पूर्ण वाढलेला, साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा उन्हात जोरात राबला, तर तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो. आपल्याकडची बिऱ्हाडाची घोडी अंगाने लहान आणि चालते हळू, त्यामुळे तिचा आकडा कमी. पण चढण, ओझं आणि दमट हवा एकत्र आली की हिशेब बिघडतो. घाम वाळताना अंग थंड करतो. नुसता ओघळला तर मीठ जातं आणि गारवा मिळत नाही. घोड्याच्या घामात लॅथेरिन नावाचं एक प्रथिन असतं. ते साबणासारखं काम करतं, केसांच्या मुळाशी आलेला घाम केसांवर पसरवतं, म्हणजे तो लवकर वाळावा. खोगिराखालचा फेस त्याचाच. कोरड्या हवेत ही सोय उत्तम चालते, कोकणातल्या मे महिन्यात ती अर्धीच उपयोगी पडते.

आता उपाय. तो मिठाच्या डब्यात आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात हॅरॉल्ड शॉट यांच्या गटाने लांब पल्ल्याच्या दौडीनंतर घोड्यांना कोणतं पाणी आधी द्यावं, यावर प्रयोग केले. पहिलं पाणी लिटरला नऊ ग्रॅम मीठ घातलेलं दिलं आणि नंतर साधं पाणी दिलं, तर घोडे एकूण पाणी जास्त पितात आणि घटलेलं वजन लवकर भरून काढतात, असं त्यातून दिसलं. कारण वर आलंच आहे: मीठ परत गेलं की रक्ताचा खारटपणा टिकतो आणि तहान जागी राहते. पाणी फ्रीजसारखं गार नको, कोमटही नको. सावलीतल्या माठाइतकं असलं की घोडी मनापासून पिते.

आपल्या मापात सांगायचं तर पाच लिटर पाण्यात पंचेचाळीस ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सात-आठ सपाट चमचे. ही पहिली बादली. अर्ध्या-पाऊण तासाने साधं पाणी, हवं तेवढं. साधं पाणी जवळ नसेल, तर मिठाची बादली देऊच नये. पाण्याविना पोटात गेलेलं मीठ अंगातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं. कोऱ्या घोडीला खारट पाणी पहिल्यांदा आवडत नाही. सवय घरी असताना, थोड्या मिठापासून लावावी. चिमूटभर गूळ चालतो, पण तो चवीपुरताच. तरी तोंड लावत नसेल तर साधं पाणी द्यावं आणि मीठ भिजवलेल्या भरड्यात मिसळून तोबऱ्यातून द्यावं. काम नसलेल्या दिवशीही तीनशे किलोच्या घोडीला पंधरा-वीस ग्रॅम मीठ लागतं, कारण गवतात आणि कडब्यात पोटॅशियम भरपूर असलं तरी सोडियम फार थोडं असतं.

मीठ ही या मुलखात दुर्मिळ गोष्ट कधीच नव्हती. कोकणातल्या मिठागरांचं मीठ याच घाटांनी बैलांच्या पाठीवरून देशावर यायचं. 1671 साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून गोव्यातल्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं, ते स्वराज्यातलं मीठ विकलं जावं म्हणून. आज तेच मीठ किराणा दुकानात सगळ्यात स्वस्त मिळतं.

तरीही दुकानातून महागडी पुडी आणायचा मोह होतो. माणसांचं ओआरएस हे जुलाबासाठी बनवलेलं आहे. त्यात मीठ कमी आणि सायट्रेट असतं. घोड्याच्या घामातून क्लोराइड सगळ्यात जास्त जातं, त्यामुळे त्याचं रक्त आधीच अल्कलीकडे झुकलेलं असतं. सायट्रेट आणि खाण्याचा सोडा त्याच दिशेने आणखी ढकलतात. गाईंच्या पोटासाठीच्या सोडा घातलेल्या पावडरी म्हणूनच घामेजलेल्या घोडीला देऊ नयेत. जाता जाता आणखी एक: काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन असतं, ते घोड्याला विषच आहे. पोत्यावरचं लेबल न वाचता गाईचा पेंडमिश्रित खुराक घोड्यापुढे टाकणं धोक्याचं. मिठाच्या चाटणविटेचा उपयोग रोजच्यापुरता; घाट चढून आलेली घोडी चाटून चाटून तेवढं मीठ भरून काढू शकत नाही.

‘तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, पोट धरतं’ हा समज भोरपासून वेल्ह्यापर्यंत (आता राजगड तालुका) आणि त्यापलीकडेही पक्का आहे. तो सोडून द्यायला हवा. चालून आल्याबरोबरचे पहिले काही क्षणच घोड्याची तहान जागी असते. ती वेळ घालवली की नंतर पाजणं अवघड. तापलेल्या अंगावर गार पाणी ओतलं की आखडतं, हेही तसंच. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकआधी दमट उष्म्यात घोडे कसे सांभाळायचे यावर बरंच संशोधन झालं. त्यातून गार पाणी सगळ्या अंगावर भरपूर ओतण्याची पद्धत रूढ झाली.

चढणीआधीची वैरणही पाण्याइतकीच महत्त्वाची. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चोथ्यासोबत बरंच पाणी आणि क्षार साठलेले असतात आणि वाटेत गरज पडली की तिथून ते रक्तात येतात. उपाशी घोडी घाटाला लावणं म्हणजे हा साठा रिकामा ठेवून निघणं. या भागात तर वाटेवर पाण्याचा भरवसाही नाही. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणं खोऱ्यात. माथ्यावरचे झरे मे महिन्यात आटलेले.

पाणी किती घटलं हे ओळखायला कातडीच्या चिमटीवर विसंबू नका, ती फसवते. हिरडी बोटाने दाबून सोडावी. पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. खालच्या जबड्याच्या कडेला नाडी लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणावं. विसाव्यात ती तीस-चाळीसच्या आसपास असते. अर्धा तास सावलीत थांबूनही ती साठ-चौसष्टच्या वर राहिली, बरगड्यांमागची कूस हृदयाच्या ठोक्यागणिक उडू लागली, मागचे पाय ताठले किंवा लेंड्या बंद झाल्या, तर हा घरगुती मिठाचा विषय उरत नाही. अशा जनावराच्या तोंडात बळेबळे नळीने किंवा बाटलीने काही ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. ओझं उतरवा, सावलीत अंगावर पाणी ओतत राहा आणि 1962 या निःशुल्क क्रमांकावर किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. शिरेतून सलाइन लावणं हे डॉक्टरांचंच काम.

पुढच्या आठवड्यात खोगिराखालच्या जखमांबद्दल. तोवर, ज्यांच्या दावणीला घोडी आहे त्यांनी तिची विसाव्यातली नाडी एकदा मोजून लिहून ठेवावी.