इंजिन काय सांगते?

किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि १९२२ साली सातारा रोडला कूपर यांचा कारखाना उभा राहिला. तेव्हापासून सातारा-सांगलीच्या माणसाला यंत्राचा आवाज परका राहिलेला नाही. मात्र आवाज ऐकणे वेगळे आणि तो ओळखणे वेगळे. आमच्या घरी वडापची जीप आहे. तिच्यावरच घर आणि माझे शिक्षण चालते. त्यामुळे हा विषय मला पुस्तकी वाटत नाही.

गाडी वाजू लागली की आपण विचारतो, "कसला आवाज येतोय?" जाणता मिस्त्री आधी विचारतो, "केव्हा येतोय?" निम्मे निदान या प्रश्नातच होते.

सकाळी थंड इंजिनात ठकठक येते आणि तापल्यावर थांबते, तेव्हा बहुधा पिस्टन व सिलिंडर यांची झीज झालेली असते. धातू तापून फुगतो व मधली फट कमी होते. वरच्या बाजूने शिलाई मशीनसारखी हलकी टकटक आली, तर टॅपेट तपासावेत. व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. म्हणून ही टकटक इंजिनाच्या निम्म्या गतीने चालते. पावसात गाडी सुरू करताना किंचाळल्यासारखा आवाज आला, तर फॅन बेल्ट पाहावा. पेट्रोलची गाडी खंबाटकीचा घाट वरच्या गिअरमध्ये चढताना खडखडली, तर सिलिंडरात पेट्रोल अवेळी पेटत असते. अशा वेळी खालचा गिअर टाकावा व नंतर टायमिंग तपासून घ्यावे.

सर्वांत घातक आवाज म्हणजे खालून येणारा जड ठोका. भार पडला की तो वाढतो. कनेक्टिंग रॉडचे बेरिंग गेल्याची ती खूण असते. जुन्या डिझेल इंजिनात मिस्त्री एकेका सिलिंडरच्या डिझेल नळीचा नट किंचित सैल करतो. ज्या सिलिंडरला ठोका मंदावतो, तिथे दोष. सोबत ऑइलचा दिवा लागला, तर इंजिन त्याच जागी बंद करावे.

"एवढी खेप मारून घेऊ," असा मोह इथेच होतो. वेळीच थांबले तर कधी कधी बेरिंगवर भागते. पुढे गेले तर क्रँक खराब होतो. रॉड तुटला तर ब्लॉकही फुटतो. खेप बुडाली तर एका दिवसाची कमाई जाते; इंजिन गेले तर घरची चूल अडते.

म्हणून मित्रहो, गॅरेजला जाण्यापूर्वी तीन गोष्टी ध्यानात ठेवा: इंजिन थंड होते की गरम, गाडी उभी होती की चढावर, आणि आवाज वरून आला की खालून. एवढे नीट सांगता आले, तर मिस्त्रीचे काम सोपे होते आणि आपला खिसाही वाचतो.