गाण्याचं नाव गाण्यातच हवं

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं कोलकात्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी. गाणं संपता संपता बाई खणखणीत आवाजात, इंग्रजीतून स्वतःचं नाव पुकारतात. आज ऐकताना तो ठसका वाटतो, पण त्यामागचं कारण रोकड्या व्यवहाराचं होतं असं सांगतात. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि कुठलं गाणं कोणाचं हे तिथल्या कारागिरांना कळायला हवं होतं. लेबल निघालं, वेष्टण हरवलं तरी नाव शाबूत, कारण ते आवाजातच कोरलेलं.

नव्वदच्या दशकात एमपीथ्री आलं तेव्हा ही सोय कोणाला आठवली नाही. आवाज कसा दाबून बसवायचा याचे बारीक नियम त्यात होते; गाण्याचं नाव कुठे लिहायचं याचा एकही नव्हता. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी तोडगा काढला. फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची एक पट्टी चिकटवायची: नावाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, टिप्पणीला ३० आणि संगीतप्रकाराला फक्त १. हाच आयडीथ्री टॅग. प्रकार लिहायचा नसून यादीतला क्रमांक टाकायचा होता. मूळ ८० प्रकारांच्या त्या यादीत पोल्का होता. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, अभंग यांतलं काहीही नव्हतं.

त्या ३० बाइटांत आपलं काय मावतं ते पाहा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो की वेलांटी, ३ बाइट खातं. ‘भीमसेन जोशी’ या नावात अशी १० चिन्हं आणि मधली एक मोकळी जागा. एकूण ३१ बाइट. एक बाइट जास्त झाला की शेवटची वेलांटी तुटते आणि पंडितजींचा ‘जोश’ तेवढा उरतो. मुळात ती पट्टी पश्चिम युरोपातल्या लिप्यांपुरतीच आखलेली होती.

१९९८ पासून आयडीथ्रीची दुसरी पिढी आली. तिच्यात ही पट्टी फाइलीच्या सुरुवातीला गेली आणि हवी तेवढी लांब होऊ लागली. संगीतकार, गीतकार, मूळ प्रकाशनाचं साल यांना स्वतंत्र रकाने मिळाले. सगळ्यात मोलाचा म्हणजे एक कोरा रकाना, ज्याचं नावही आपणच ठेवायचं. ‘राग’ असं नाव द्या, पुढे ‘मारवा’ लिहा, झालं. २००१ मध्ये आलेल्या फ्लॅक या स्वरूपात तर सगळेच रकाने असे मोकळे असतात.

संग्रह लावण्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण आधी रूप बघतात: मुखपृष्ठं कशी दिसतात, रंग काळा आहे की पांढरा. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच विचारायला हवा. मी भरलेली माहिती हे सॉफ्टवेअर ठेवतं कुठे, गाण्याच्या फाइलीत की स्वतःच्या खतावणीत? आयट्यून्समध्ये गाण्यांना दिलेले तारे फाइलीत न जाता त्याच्या स्वतःच्या लायब्ररीत राहतात. तोवर ठीक, जोवर तुम्ही त्याच घरात आहात. सॉंगबर्ड २०१३ मध्ये बंद पडलं, गूगल प्ले म्युझिकनं २०२० मध्ये गाशा गुंडाळला. सॉफ्टवेअरचं आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं, आणि वडिलांच्या कॅसेटींवरून उतरवलेलं गाणं त्याहून बरंच जास्त टिकायला हवं असतं.

दुसरा प्रश्न रकान्यांचा. कलाकार, अल्बम, गाणं ही तिपाई पॉपसंगीतासाठी बेतलेली आहे. १९११ च्या ‘संगीत मानापमान’मधलं एखादं पद तिच्यावर बसवून दाखवा. पद खाडिलकरांचं, चाल गोविंदराव टेंब्यांची, गायक तिसराच. नाटक हा अल्बम नव्हे. साल तर दोन: रंगभूमीवर आलं ते वेगळं आणि ध्वनिमुद्रण झालं ते वेगळं. शिवाय राग, ताल. गीतरामायणाची तऱ्हा आणखी निराळी. गदिमांची ५६ गीतं आणि बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, चाली १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर आल्या त्या अनेक गायकांच्या गळ्यातून. पुढे सगळी गीतं बाबूजींनी स्वतः ध्वनिमुद्रित केली. ‘कलाकार: सुधीर फडके’ एवढंच लिहिलं तर ते गायक म्हणून की संगीतकार म्हणून, हे यंत्राला कळायला वाव नाही.

एवढं सगळं हातानं कोण भरणार? इथे गोष्ट रंगते. सीडीवरही सहसा गाण्यांची नावं नसतात. १९९३ च्या सुमारास टी कान यांनी यावर एक युक्ती काढली. कुठलं गाणं कितव्या सेकंदाला सुरू होतं ते आकडे घेतले की जवळपास प्रत्येक सीडीची वेगळी ओळख तयार होते. त्या ओळखीपुढे जगभरच्या हौशी लोकांनी फुकटात नावं टंकून दिली आणि सीडीडीबी हा कोश उभा राहिला. मग तो कंपनीच्या ताब्यात गेला, ग्रेसनोट झाला, वापरावर अटी आल्या. आपण भरलेलं धान्य आपल्यालाच विकत घ्यावं लागतंय, हे टंकणाऱ्यांना झोंबलं. त्या रागातून जे खुले कोश निघाले त्यांतला म्युझिकब्रेन्झ आजही जोमात आहे. तिथे प्रत्येक कलाकाराला कायमचा ओळखक्रमांक मिळतो. मग ‘पं. भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतली दोन-तीन स्पेलिंगं हे सगळे एकच गृहस्थ, हे यंत्राला पटतं.

नाव-गाव नसलेली ‘ट्रॅक ०७’ ओळखायची तर ध्वनिठसा घ्यावा लागतो. लुकास लालिन्स्की यांनी लिहिलेलं क्रोमाप्रिंट हे काम असं करतं: गाण्याची पहिली दोन मिनिटं घ्यायची. आवाजाचे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित मोठे तुकडे करायचे, तेही एकमेकांवर चढलेले. प्रत्येक तुकड्यात कुठल्या कंपनसंख्येला किती जोर आहे ते मोजायचं आणि तो जोर बारा स्वरांच्या बारा खणांत वाटायचा. मंद्र, मध्य, तार असा भेद ठेवायचा नाही. सप्तक कुठलंही असो, स्वर एक तर खण एक. यातून काळसर-उजळ चौकोनांचं एक चित्र तयार होतं. चित्राचा हा भाग त्या भागापेक्षा उजळ आहे का, अशा तुलना करत त्याचे आकडे बनवायचे. दोन मिनिटांतून असे नऊशेहून अधिक आकडे निघतात. तोच ठसा अकूस्टआयडी या कोशात शोधला जातो. एमपीथ्री असो वा फ्लॅक, मुद्रण एकच असेल तर ठसे जुळतात.

पण ओळखलं जातं ते मुद्रण. राग नव्हे, बंदिशही नव्हे. त्याच गायकाचा तोच राग दुसऱ्या मैफलीत वेगळा ठसा देतो, आणि खाजगी बैठकीची कॅसेट कोशात नसेल तर उत्तर शून्य. कॅसेटचा वेग हीसुद्धा एक भानगड आहे. टेप सुमारे ६ टक्के जलद चालला की सगळं गाणं अर्ध्या स्वरानं चढतं, म्हणजे ठशातला प्रत्येक स्वर शेजारच्या खणात जाऊन बसतो आणि जुळणी फसते. डेकचा वेग दुरुस्त करून मगच कॅसेट उतरवावी हे बरं.

यंत्रानं रागही ओळखावा असं वाटत असेल तर अडचण ‘सा’पाशी आहे. क्रोमाप्रिंटचे खण पाश्चात्त्य स्वरमानाला बांधलेले असतात. आपला षड्ज गायकागणिक बदलतो: कोणाचा काळी एक, कोणाचा पांढरी चार. तो ठरल्याशिवाय गंधार कोमल की शुद्ध, हेच सांगता येत नाही. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात झाविएर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ पासून चाललेल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पात म्हणूनच आधी तानपुऱ्याच्या गुंजनातून षड्ज शोधण्याच्या रीती बसवाव्या लागल्या. मुंबईच्या आयआयटीतल्या प्रीती राव या कामात सहभागी होत्या. याच मंडळींच्या खटपटीमुळे म्युझिकब्रेन्झमध्ये राग आणि ताल यांना अधिकृत जागा मिळाली. घरच्या संग्रहाचे राग मात्र अजून आपणच लिहायचे आहेत.

आता निवड. माझ्या मते दोन हत्यारं वेगळी ठेवावीत: एक माहिती भरायचं, दुसरं ऐकायचं. भरण्यासाठी विंडोजवर आणि मॅकवर एमपीथ्रीटॅग, लिनक्सवर किडथ्री. शंभर फाइली निवडून एका फटक्यात ‘ताल: झपताल’ लिहिता येतं. ध्वनिठशासाठी पिकार्ड, हे फुकट आहे, तिन्ही प्रणालींवर चालतं आणि त्याचं नाव ‘स्टार ट्रेक’मधल्या कप्तानाचं आहे. मात्र ते हाताळताना सावध असावं. जुळणी सापडली की ते तुम्ही देवनागरीत लिहिलेलं शीर्षक पुसून कोशातलं रोमन शीर्षक बसवतं. जे रकाने तसेच ठेवायचे त्यांची यादी सेटिंगमध्ये देता येते. ती आधी द्यावी, आणि सगळ्या संग्रहाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवूनच त्याला मोकळं सोडावं.

ऐकण्यासाठी माझं मत फूबार२००० ला. २००२ पासूनचं, दिसायला अगदीच रुक्ष, पण ‘राग’ हा आपण निर्माण केलेला रकाना त्याला समजतो आणि त्यावरून यादी लावता येते: सगळे मारवे एका खाली एक, गायकांच्या क्रमानं. म्युझिकबी जास्त देखणं आहे आणि असे रकाने त्यालाही चालतात. आज्ञा टंकण्यात मजा वाटणाऱ्यांसाठी बीट्स आहे. बाकीच्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

मराठीत भरताना दोन कटकटी येतात. जुन्या पद्धतीनं वाचणारं सॉफ्टवेअर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हांची रांग दाखवतं. एमपीथ्रीसाठी आयडीथ्रीची २.३ ही आवृत्ती आणि यूटीएफ-१६ ही पद्धत ठेवली तर ते सहसा टळतं. दुसरी कटकट ‘वाऱ्यावर’सारख्या शब्दांतल्या ऱ्याची. तो संगणकात दोन प्रकारे टंकता येतो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साध्या र्‍ च्या मागे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधताना एकाला दुसरा सापडतोच असं नाही. एमपीथ्रीटॅगमध्ये शोधा-बदला करून सगळीकडे एकच प्रकार करून घ्यावा.

निवड पक्की करण्याआधी एक चाचणी घ्या. एका नाट्यगीताच्या फाइलीत राग, ताल, नाटक, कवी, चाल आणि दोन्ही सालं भरा. ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि सगळे रकाने दिसतात का ते पाहा. घरगुती मैफलीची तारीख नक्की ठाऊक नसेल तर सालाच्या रकान्यात अंदाज ठोकू नका, कारण तिथला अंदाज पुढच्या माणसाला पुरावा वाटतो. ‘१९७० च्या सुमारास, दादरला, तबल्यावर कोण ते विचारायचं आहे’ हे टिप्पणीत लिहावं.