लेकीचा दुसरा चेंडू

सारिका काळे यांना 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि आपल्या धाराशिवच्या मुलींचा खो-खो सगळीकडे पोचला. पुण्यात नोकरी करणारी माझी भाची मात्र बोलिंग खेळते. "मावशी, मला दुसरा चेंडू घ्यायचाय," म्हणाली, तेव्हा घरात एकच सूर : एक असताना दुसरा कशाला?

तिचं म्हणणं मला पटलं. साठ फुटांच्या लेनवर तेल लावलेलं असतं, खेळता खेळता ते कमी होतं. तेल कमी पडलं की थालीपीठ तव्याला धरतं ना, तसा रेझिनचा चेंडू कोरड्या लेनला धरतो नि नको तेवढा वळतो. गुळगुळीत प्लॅस्टिकचा चेंडू सरळ जातो. पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिना पाडायला, म्हणजे 'स्पेअर'ला, तोच बरा. शिवाय स्वस्त.

मैत्रिणींनो, घेताना दोनच गोष्टी बघा. वजन 16 पौंडांपर्यंत मिळतं, पण मनगटाला झेपेल तेवढंच घ्यावं. आणि भोकं तिच्याच बोटांच्या मापाने पाडून घ्यावीत, नाहीतर अंगठा सोलवटतो.

मुलाने दुसरी बॅट मागितली तर आपण हिशेब विचारत नाही. मग स्वतः कमावणाऱ्या लेकीलाच का विचारायचा?