आकाशगामी मांत्रिकाशीं सामना

मुलांच्या हातीं फांसे दिले म्हणजे भांडण ठरलेलेंच, हा अनुभव मोठ्या कुटुंबांतील वाचकांस नवा नाहीं. मग ज्या खेळांत सारा सामना कल्पनेंत चालतो आणि प्रतिपक्षी चक्क आकाशांत उडतो, तेथें न्याय व्हावा कसा? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो; एक जण सूत्रधार होऊन कथा पुढें नेतो व निवाडाही देतो. २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीचे नियम आम्ही येथें आधारास घेतों.

समजा, शत्रूचा मांत्रिक उड्डाणमंत्राच्या बळावर बरोबर आपल्या डोक्यावर ७० फुटांवर तरंगत आहे. त्यास खालीं आणण्याचा एक मार्ग बाणाचा. हा मंत्र एकाग्रतेवर टिकतो. घाव बसतांच मांत्रिकानें वीस बाजूंचा फांसा टाकून, त्यांत आपल्या काटकपणाचा अंक मिळवून, निदान १० गांठावे लागतात. घाव मोठा असेल तर त्याची निमपट गांठावी लागते. २८ च्या घावास १४. तितके न भरल्यास मंत्र सुटतो.

दुसरा मार्ग मंत्रभंगाचा. त्याचा पल्ला १२० फूट. उड्डाणमंत्र मुळांत तिसऱ्या पायरीचा, म्हणून तो फांशावांचून मोडतो. शत्रूनें तो चौथ्या पायरीच्या बळानें योजला असेल, तर मात्र १४ गांठावे लागतात. आपल्या मांत्रिकाच्या पदरीं ४ गुण असले, तर फांशावर १० वा अधिक पडावे. म्हणजे विसांत अकरा वेळां यश.

शत्रूस हा मंत्रभंग अडवितां येतो, परंतु त्या प्रतिकाराचा पल्ला अवघा ६० फूट. जी उंची त्यास सुरक्षित वाटते, तीच त्याची ढाल हिरावून घेते! मग पडतांना दर १० फुटांस सहा बाजूंचा एक फांसा, याप्रमाणें सात फांशांची इजा; सरासरी साडेचोवीस. त्याच क्षणीं पिसासारखें उतरविणारा मंत्र म्हटला तर तो वांचतो. पण असा तात्काळ प्रतिकार एका फेरींत एकदांच करतां येतो. तो शत्रू ५५ फुटांवर असता व त्यानें पहिला मंत्रभंग अडविला असता, तर त्याच फेरींतील दुसऱ्या मंत्रभंगानंतर हें पीस त्याच्या हातीं उरलें नसतें.

७० कीं ५५, या एका अंकावर सगळा निकाल फिरतो. म्हणूनच सूत्रधाराची खरी कसोटी येथें लागते. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलें म्हणून, अथवा आपला मांत्रिक हरूं नये म्हणून, त्यानें मागाहून उंची बदलली, तर मुलें नियम शिकत नाहींत. वडीलकीपुढें नियम वांकतो, एवढेंच शिकतात. उंची आधीं सांगावी, फांसा सर्वांदेखत टाकावा आणि पडेल तें दान मोठ्यांनींही निमूट मानावें. हरलेलें मूल मग खेळ सोडून उठत नाहीं.