सेतुन: उणे एक, शून्य, एक

संगणक म्हणजे शून्य आणि एक, हे आता शाळकरी मुलंही सांगतात. ऑक्टल आणि हेक्साडेसिमल ही त्याच बायनरीची आखूड रूपं: तीन-तीन किंवा चार-चार बिटांचे गट पाडले की झालं. मला वर्षानुवर्षं ओढ आहे ती या घराण्याबाहेरच्या एका पद्धतीची. तिच्यात उणे एक, शून्य आणि एक असे तीन अंक आहेत. आणि ती कागदावर राहिली नाही. तिच्यावर चालणारा संगणक, सेतुन, मॉस्को विद्यापीठात उभा राहिला.

त्याच्या मुळाशी एक रुसवा आहे. १९५० च्या दशकात विद्यापीठाला संगणक हवा होता. इसाक ब्रूक यांच्या प्रयोगशाळेतलं एम-२ हे यंत्र मिळणार, असं ठरलंही होतं. पण विज्ञान अकादमीच्या निवडणुकीत विद्यापीठातले थोर गणितज्ञ सेर्गेई सोबोलेव यांनी ब्रूक यांच्याऐवजी सेर्गेई लेबेदेव यांना मत दिलं. ब्रूक दुखावले आणि यंत्र हातचं गेलं. ही हकीगत निकोलाय ब्रुसेन्त्सोव यांनी सांगितलेली. ते यंत्र विद्यापीठात आणण्याचं काम ज्या तरुण इंजिनिअरकडे होतं, ते हेच. मग सोबोलेव यांनी ठरवलं, आपणच बनवू. लहान, स्वस्त आणि विद्यापीठांना परवडेल असं.

ब्रुसेन्त्सोव यांना गुटेनमाखर यांच्या प्रयोगशाळेत धाडलं गेलं. तिथे फेराइटच्या बारीक कड्या आणि डायोड वापरून बायनरी यंत्र बनत होतं. ते पाहताना त्यांच्या ध्यानात आलं, की हेच घटक जरा वेगळे जोडले तर तीन अवस्था सहज दाखवतील.

तीन अवस्थांचं गणित तराजूवर समजतं. १, ३, ९ आणि २७ अशी चारच वजनं घ्या आणि ती दोन्ही पारड्यांत टाकायची मुभा ठेवा. १ पासून ४० पर्यंतचं प्रत्येक पूर्ण वजन तोलता येतं. पाच हवेत? एका बाजूला ९, मालाच्या बाजूला ३ आणि १. उणे पाच हवेत तर पारडी बदलायची, म्हणजे प्रत्येक अंकाचं चिन्ह उलटं करायचं. बायनरीत ऋण संख्येसाठी सगळे बिट उलटे करून वर एक मिळवावा लागतो, आणि तरी आठ बिटांत उणे १२८ बसतात पण अधिक १२८ बसत नाहीत. इथे ती लंगडी बाजूच नाही. शिवाय अपूर्णांकाचे शेवटचे अंक नुसते छाटले तरी उत्तर आपसूक जवळच्या संख्येवर येतं.

तीनचा पाया सर्वांत काटकसरीचा, असा दावा या पद्धतीचे चाहते करतात. सेतुनच्या बाबतीत मला तो पटत नाही. तिथे तीन अवस्थांच्या एका अंकाला दोन कड्या लागत, आणि दोन कड्यांत बायनरीच्या चार अवस्था मावतात. या यंत्राचं खरं वैभव त्याच्या अंकगणितात आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

विद्यापीठाजवळच्या छोट्या नदीचं नाव घेऊन सेतुन १९५८ मध्ये सुरू झाला. पुढे कझानच्या कारखान्यात सुमारे ५० यंत्रं बनली आणि १९६५ मध्ये उत्पादन थांबलं. ब्रुसेन्त्सोव सांगत, की मागणी होती, परदेशातूनही होती. नको होता तो अधिकाऱ्यांना. एवढं स्वस्त यंत्र कारखान्याच्या हिशेबात कुणाच्याच फायद्याचं नव्हतं, हे मला अगदी शक्य वाटतं.

ब्रुसेन्त्सोव थांबले नाहीत. १९७० मध्ये सेतुन-७० आला. त्याची रचना दोन स्टॅकवर आधारलेली होती आणि त्याच्यावर ‘नस्ताव्निक’ ही शिक्षणप्रणाली चालली. १९८० च्या दशकात त्यांच्या गटाने डीएसएसपी ही प्रोग्रॅमिंगची प्रणाली लिहिली. तिच्यात सेतुन-७० चीच दोन स्टॅकची रचना आहे, फक्त ती चालते बायनरी यंत्रांवर.